त्र्यंबकेश्वर शोधणाऱ्याला काय सापडतं?

येत्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या अमृतस्नानाच्या तारखा जाहीर झाल्या आहेत. त्र्यंबकेश्वरला २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबर २०२७. नाशिकला पहिली दोन स्नानं त्याच दिवशी, पण तिसरं एक दिवस आधी, ११ सप्टेंबरला. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नान करतात, वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडावर, आणि दोन्ही ठिकाणांमध्ये साधारण तीस किलोमीटरचं अंतर आहे. बुलढाण्याहून किंवा लातूरहून म्हाताऱ्या आईला घेऊन निघालेल्या कुटुंबाला ही एका दिवसाची तफावत घरातून निघण्याआधी कळली नाही, तर त्याचा सगळा प्रवास वाया जाऊ शकतो. ही माहिती इंटरनेटवर आहे. प्रश्न आहे तो ती शोधणाऱ्याच्या हाती लागते का, हा.

वेबसाइटची मांडणी कशी असावी, म्हणजे येणाऱ्या माणसाला आणि सर्च इंजिनालाही मजकूर सहज सापडेल, यावर गेली तीस वर्षं जगभर विचार चालू आहे. त्यातले मतप्रवाह, त्यांची बलस्थानं आणि अजून न सुटलेले प्रश्न त्र्यंबकेश्वरच्या संदर्भात तपासून पाहणं हा या लेखाचा हेतू आहे. गाव लहान, येणारा यात्रेकरू देशभरचा, माहिती सतत बदलणारी आणि ती देणारे अनेक, असं सगळं इथे एकत्र आलेलं असल्यामुळे या विषयाचे सगळे पेच इथे ठळक दिसतात.

वह्यांतली शोधपद्धत

त्र्यंबकेश्वरला माहिती शोधण्याची एक व्यवस्था संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नामावळीच्या वह्या असतात. यजमान आला, त्यानं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की त्या गावाचे, त्या कुळाचे उपाध्याय कोण हे ठरतं. मग वही निघते आणि पूर्वी येऊन गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या नोंदी समोर येतात. जुन्या नोंदी मोडीत, नंतरच्या देवनागरीत. यजमान जाताना आपल्या घरातली नवी नावं त्यात घालतो.

या पद्धतीतली दोन वैशिष्ट्यं पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिलं, शोध सुरू होतो तो यजमानाला जे ठाऊक आहे त्यापासून. त्याला गाव आणि आडनाव माहीत असतं, वहीचा क्रमांक नव्हे. दुसरं, प्रत्येक नोंदीला एक जबाबदार राखणदार असतो. ती कोणी लिहिली आणि ती खरी आहे का, हे विचारायला एक घर असतं. हरिद्वारसारख्या तीर्थांवरच्या अशा वह्यांचं मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या युटा इथल्या वंशावळ संस्थेनं गेल्या शतकातच सुरू केलं, ते या व्यवस्थेचं मोल ओळखूनच.

विषयाची पार्श्वभूमी

माहिती कशी लावावी याचा आधुनिक विचार ग्रंथालयांत जन्मला आणि त्यात एक मोठं नाव भारतीय आहे. मद्रासच्या शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. वाचकाचा वेळ वाचवणं हे त्यांतलं एक. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. एखादी गोष्ट एकाच कप्प्यात कोंबू नये, तिचे निरनिराळे पैलू वेगळे नोंदवावेत आणि कोणत्याही पैलूकडून तिच्यापर्यंत पोचता यावं, हा तिचा गाभा. आज खरेदीच्या ॲपवर आपण किंमत, रंग, आकार निवडत वस्तूपर्यंत जातो, त्यामागे हीच कल्पना आहे.

वेब आल्यावर हा विचार तिकडे सरकला. लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मोरव्हिल यांचं वेबवरच्या माहितीरचनेवरचं पुस्तक १९९८ मध्ये आलं आणि या कामाला स्वतंत्र व्यवसायाचं रूप मिळालं. त्याच वर्षी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची पद्धत मांडली. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पानं बोट दाखवतात, यावरून त्याचं वजन ठरवायचं. यंत्रांशी बोलण्याचे संकेतही हळूहळू ठरत गेले. कुठली पानं वाचू नयेत हे सांगणारी रोबॉट्स फाइल १९९४ मधली. कुठली पानं आहेत त्यांची यादी देणारा साइटमॅप गूगलनं २००५ मध्ये आणला आणि पुढच्या वर्षी याहू व मायक्रोसॉफ्टनंही तो स्वीकारला. पानावरचा आकडा म्हणजे वेळ आहे, तारीख आहे की देणगी आहे, हे यंत्राला सांगणारा ‘स्कीमा’ हा सामाईक शब्दसंग्रह २०११ मध्ये आला.

या सगळ्यातून दोन पंथ तयार झाले. एक माणसाकडून विचार करणारा, दुसरा सर्च इंजिनाकडून. त्यांचं भांडण बराच काळ चाललं. आज ते पूर्वीइतकं तीव्र नाही.

सर्च इंजिनाकडून पाहणारे

गूगलवर ‘नारायण नागबळी’, ‘कालसर्प शांती’ किंवा ‘त्रिपिंडी श्राद्ध’ शोधलं, की त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वेबसाइटींची रांग लागते. यांतल्या बऱ्याचशा एसईओ, म्हणजे वेबसाइट शोधनिकालांत वर आणण्याचं काम, करणाऱ्या व्यावसायिकांनी बांधलेल्या असतात आणि त्यांची घडण सारखी दिसते. प्रत्येक विधीला स्वतंत्र पान, प्रत्येक वर्षाच्या मुहूर्तांना स्वतंत्र पान, शीर्षकात विधीचं आणि गावाचं नाव, खाली प्रश्नोत्तरं, ठिकठिकाणी फोन नंबर.

या पंथाचं म्हणणं नीट ऐकायला हवं. यात्रेकरू वेबसाइटच्या मुखपृष्ठावरून येत नाही. तो थेट आतल्या पानावर उतरतो. त्यामुळे एका प्रश्नाला एक पान आणि त्या पानाला स्पष्ट शीर्षक, हा आग्रह योग्यच आहे. हैदराबादच्या किंवा इंदूरच्या माणसाला कुणी मध्यस्थ न लागता गुरुजींशी थेट बोलता येतं, हाही याचाच फायदा. ज्यांच्या घरात पौरोहित्य परंपरेनं चालत आलं आहे, त्या तरुण पिढीसाठी वेबसाइट हे उपजीविकेचं साधन आहे आणि ती वर दिसावी यासाठी खटपट करण्यात काही गैर नाही.

अडचण येते ती प्रमाण सुटल्यावर. एकच मजकूर थोड्या फेरफारानं अनेक ठिकाणी दिसतो. प्रत्येक शहराच्या नावानं एकेक पान काढलं जातं: पुण्याहून येणाऱ्यांसाठी, सुरतहून येणाऱ्यांसाठी, बंगळुरूहून येणाऱ्यांसाठी, आणि आतला मजकूर तोच. गूगलनं अशा प्रकारांविरुद्ध वेळोवेळी नियम कडक केले. निकृष्ट मजकुरासाठी २०११ चा पांडा, कृत्रिम दुव्यांसाठी २०१२ चा पेंग्विन, नुसतं दार म्हणून बांधलेल्या पानांसाठी २०१५ मधला बदल. प्रश्नोत्तरांची खास चौकट निकालांत दाखवणंही ऑगस्ट २०२३ पासून मुख्यतः नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक वेबसाइटींपुरतं ठेवलं गेलं. त्यामुळे केवळ यंत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचं आयुष्य कमी होत चाललं आहे, हे आता या व्यवसायातलेही जाणते लोक मान्य करतात.

माणसाकडून पाहणारे

दुसरा पंथ विचारतो की आलेला माणूस मनात कोणता प्रश्न घेऊन येतो. त्र्यंबकेश्वरच्या बाबतीत ते प्रश्न ओळखणं अवघड नाही. आज दर्शन किती वाजेपर्यंत? देणगी दर्शन चालू आहे की गर्दीमुळे बंद? गर्भगृहात जाता येतं का, कोणाला, कधी आणि कोणत्या वस्त्रांत? नारायण नागबळीला किती दिवस राहावं लागतं? (तीन.) नाशिकहून एसटी कुठून सुटते? ब्रह्मगिरी चढायला वडिलांना झेपेल का? श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी प्रदक्षिणेला गर्दी असते, तेव्हा गाडी कुठे लावायची? पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडी घेऊन आलो तर उतरायचं कुठे?

या पंथाच्या हाती गेल्या काही दशकांतलं बरंच संशोधन आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की माणूस वेबवर माग काढत जातो. पुढच्या दुव्याच्या शब्दांवरून आपलं उत्तर तिकडे आहे असं वाटलं तर तो पुढे जातो, नाही तर परततो. म्हणून ‘सेवा’, ‘उपक्रम’, ‘इतर माहिती’ अशी मोघम नावं घातक ठरतात. ‘दर्शनाची वेळ’ हे साधं नाव त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं. तीन क्लिकच्या आत माहिती सापडलीच पाहिजे, असा एक नियम वर्षानुवर्षं सांगितला जात असे. २००३ मध्ये जोशुआ पोर्टर यांनी तो तपासला, तेव्हा क्लिकची संख्या आणि माणूस कंटाळून निघून जाणं यांचा संबंध आढळला नाही. वाट बरोबर आहे अशी खात्री प्रत्येक पायरीवर मिळत राहिली, तर माणूस पाचवी पायरीही चढतो.

रंगनाथन यांची पैलूंची कल्पना इथे थेट उपयोगी पडते. तीर्थक्षेत्राची माहिती विधीनुसार लावता येते, तिथीनुसार लावता येते, स्थळानुसार लावता येते आणि येणाऱ्या माणसानुसारही. कुशावर्ताचं पान स्नानाच्या तारखांकडूनही सापडावं आणि गावाच्या नकाशाकडूनही. हे करायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. विचार लागतो, आणि गावातल्या दहा-वीस यात्रेकरूंसमोर विषयांच्या चिठ्ठ्या ठेवून ‘यांचे गट लावा’ असं विचारण्याची तयारी लागते. वेबसाइट बांधणाऱ्यांनी कुशावर्ताच्या पायऱ्यांवर बसून एक दिवस हे केलं, तर मेनूवरचे बरेच वाद मिटतील असं मला वाटतं.

दोन्ही पंथ जवळ आले आहेत ते मुख्यतः मोबाइलमुळे. गूगलनं पानाची मोबाइलवरची आवृत्ती प्रमाण मानण्याचा बदल २०१६ मध्ये जाहीर केला आणि २०२३ मध्ये तो पूर्ण झाल्याचं सांगितलं. संथ नेटवर्कवर जे पान यात्रेकरूसमोर उघडत नाही, ते यंत्राच्या लेखीही मागे पडू शकतं. चित्राला लिहिलेलं वर्णन दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरला लागतं आणि यंत्रालाही. अपंगांना वापरता येण्याचा हा मुद्दा आता कायद्याच्याही जवळ आला आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

तरी जुन्या सवयी सुटत नाहीत. लेटरहेडवर छापलेली, सही-शिक्क्याची सूचना फोटो काढून टाकायची, ही सर्वत्र रुळलेली पद्धत आहे. व्हॉट्सॲपवर तो फोटो वेगानं फिरतो, विश्वासार्हही वाटतो. पण त्यातली तारीख सर्च इंजिनाला खात्रीनं वाचता येतेच असं नाही, आणि दोन वर्षांनी तोच फोटो पुन्हा फिरू लागला की घोटाळा होतो. जानेवारी २०२३ मध्ये जतनाच्या कामासाठी मंदिर आठवडाभर दर्शनाला बंद होतं. अशी सूचना मजकूर म्हणून, ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहून, कायमच्या पत्त्यावर असेल, तरच माणसाला ती त्या आठवड्यात सापडेल आणि त्यानंतर कोणाची दिशाभूल करणार नाही.

अधिकृत कोण?

इथून पुढे प्रश्न तंत्राचा राहत नाही. त्र्यंबकेश्वरविषयीचं सत्य एका कार्यालयात नाही. दर्शनाची व्यवस्था देवस्थान ट्रस्टकडे. विधी पुरोहितांकडे आणि त्यांची संघटना म्हणजे पुरोहित संघ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधायला घेतलेलं मंदिर संरक्षित स्मारक असल्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नियम वेगळे. निवृत्तिनाथांच्या समाधीचं संस्थान वेगळं. रस्ते, पाणी, वाहनतळ नगरपरिषदेकडे. बस एसटी महामंडळाची. जिल्ह्याची माहिती जिल्हा प्रशासनाच्या वेबसाइटवर आणि मेळ्याचं नियोजन २०२५ च्या कायद्यानं आलेल्या कुंभमेळा प्राधिकरणाकडे. यात्रेकरूला या हद्दी ठाऊक नसतात, आणि त्या त्याला माहीत असाव्यात अशी अपेक्षाही करता येत नाही.

एक मत असं की सगळ्यांसाठी एकच पोर्टल असावं. सरकारी वेबसाइटींसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘एस-थ्री-वास’ या साच्यावर जिल्ह्यांच्या वेबसाइटी बांधल्या गेल्यामुळे निदान त्यांची रचना सारखी झाली आहे. नाशिक जिल्ह्याचं पान वाचता आलं तर अहिल्यानगरचंही वाचता येतं. एकाच दारामुळे फसवणुकीलाही आळा बसेल, असं या मताचे लोक सांगतात. ही भीती पोकळ नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये तीर्थयात्रेच्या बुकिंगच्या नावानं चालणाऱ्या बनावट वेबसाइटींबद्दल देशभर सावध केलं होतं. केदारनाथचं हेलिकॉप्टर आणि सोमनाथचं अतिथिगृह ही त्यातली उदाहरणं होती. खरी वेबसाइट निकालांत खाली आणि खोटी वर, असं झालं की माणसाचे पैसे जातात.

दुसरं मत असं की एकच पोर्टल लवकर शिळं होतं. ज्याच्याकडे माहिती जन्मते त्यानंच ती आपल्या पानावर ठेवावी, मात्र ठरलेल्या रूपात, म्हणजे सर्च इंजिन आणि इतर वेबसाइटी ती तिथूनच उचलतील. दर्शनाच्या वेळेचा मालक ट्रस्ट, बसच्या वेळेचा मालक महामंडळ. इतरांनी ती उतरवून घेऊ नये, दुवा द्यावा. नामावळीच्या वह्यांची व्यवस्था याच तत्त्वावर चालते आणि मला स्वतःला हे मत अधिक टिकाऊ वाटतं. पण त्यासाठी प्रत्येक संस्थेत ते पान रोज पाहणारं माणूस हवं, आणि छोट्या संस्थांना ते परवडत नाही, हा पहिल्या मताचा आक्षेप खोडून काढता येत नाही.

पुरोहितांच्या बाबतीत हा पेच आणखी गुंतागुंतीचा होतो. अनेक वेबसाइटींवर ‘ताम्रपत्रधारी’, म्हणजे पौरोहित्याच्या परंपरागत हक्काचं ताम्रपत्र असलेला, हा शब्द ठळक असतो, कारण यजमान तो शब्द पाहून विश्वास ठेवतो. पण तो शब्द कोणीही लिहू शकतो, आणि सर्च इंजिनाला त्यामागची परंपरा तपासता येत नाही. यंत्र पाहतं ते दुवे, नकाशावरची नोंद, लोकांनी दिलेले तारे. वहीमागचं घर जे काम करत होतं, ते काम वेबवर कोणी करावं? संघटनेनं आपल्या सभासदांची पडताळलेली यादी सार्वजनिक ठेवावी आणि प्रत्येक गुरुजींच्या पानावरून त्या यादीकडे दुवा असावा, हा सुचवला जाणारा उपाय समंजस आहे. यादीत कोण असावं, हे मात्र कोणतीही वेबसाइट ठरवू शकत नाही.

मराठीची वाट

इतर भाषांतल्या पुस्तकांत न सापडणारा भाग हा. ‘त्र्यंबकेश्वर’ हे नाव लोक किती प्रकारे टाइप करतात ते पाहावं. त्र्यंबकेश्वर, त्र्यम्बकेश्वर, त्रिंबकेश्वर, त्रंबकेश्वर, नुसतं त्र्यंबक, नुसतं त्रिंबक. रोमन लिपीत आणखी चार-पाच. विधीच्या नावातही मराठी माणूस नागबळी लिहितो, हिंदी माणूस नागबली. कालसर्प कोणी एकत्र लिहितो, कोणी तोडून. लोकप्रिय शब्दांच्या बाबतीत गूगल ही रूपं बऱ्यापैकी जुळवून घेतं. वेबसाइटच्या आतली शोधखिडकी मात्र बहुधा अक्षराला अक्षर जुळवते आणि ‘काहीही सापडले नाही’ म्हणून मोकळी होते.

त्यात मराठीची विभक्ती. नाव एकटं फार कमी येतं. त्र्यंबकेश्वरला, त्र्यंबकेश्वरच्या, त्र्यंबकेश्वरहून, त्र्यंबकेश्वरातल्या. शब्दाचं सामान्यरूप होऊन त्याला प्रत्यय चिकटतो: कुंड शोधणाऱ्याला ‘कुंडात’ आणि ‘कुंडावरील’ही सापडायला हवं. इंग्रजीसाठी बांधलेली साधी शोधव्यवस्था हे करत नाही. मराठीसाठी शब्दाचं मूळ काढणाऱ्या पद्धतींवर काम झालेलं आहे, पण लहान वेबसाइट बांधणारा त्या वापरताना क्वचितच दिसतो.

त्याआधीची अडचण लिपीची. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरीही पुढची कितीतरी वर्षं मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांत लिहिला गेला. पडद्यावर मराठी दिसायची, आत यंत्राला भलतीच अक्षरं मिळायची. त्या काळातल्या पीडीएफ आजही शोधात येत नाहीत. माहात्म्यं, संस्थानांची वार्षिकं, स्मरणिका असं बरंच मोलाचं साहित्य त्या अंधारात आहे. युनिकोडमध्येही काही कळफलक अक्षरांच्या मध्ये न दिसणारी जोडचिन्हं घालतात, आणि डोळ्याला सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राला वेगळे वाटतात.

पत्त्याचंही तसंच. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि त्यात मराठीचा समावेश होता. मराठी पत्ते असावेत, हे म्हणणं मनाला पटतं. व्यवहारात मात्र पानाचा देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की अनेकदा त्याची चिन्हांची माळ होते. एका देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं. ‘त्र्यंबकेश्वर’मध्ये अशी तेरा चिन्हं आहेत, म्हणजे एका नावाची ११७. तो पत्ता फोनवर सांगता येत नाही, पत्रिकेवर छापता येत नाही. म्हणून पत्ता रोमनमध्ये, शीर्षक आणि मजकूर मराठीत, अशी तडजोड बहुतेकांनी पत्करली आहे.

कोणत्या भाषेत लिहावं, यावरही दोन बाजू आहेत. यात्रेकरू गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगण, आंध्र इथून मोठ्या संख्येनं येतो, म्हणून हिंदी-इंग्रजी आधी, असं व्यावसायिक म्हणतात. मराठी शोधणारा मराठी पान नसल्यामुळेच हिंदीत शोधायला शिकतो आणि मग ‘मराठीत मागणी नाही’ असा निष्कर्ष निघतो, असं भाषेचे कार्यकर्ते म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. दुसऱ्या बाजूला बळ देणारी एक गोष्ट घडली आहे: ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलची बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आली. ज्या आजीला कळफलक वापरता येत नाही ती आता विचारू शकते, आणि ती विचारते आपल्या बोलीत, पूर्ण वाक्यात. त्या वाक्याला उत्तर देणारं मराठी पान असलं पाहिजे. एकाच पानाच्या भाषावार आवृत्त्या यंत्राला सांगण्याची खूण २०११ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे भाषांमध्ये निवड करण्याची तांत्रिक सक्ती कुणावर नाही. हवेत ते मराठीत मुळातून लिहिणारे हात. यंत्रानं हिंदीवरून केलेलं मराठी वाचवत नाही, आणि धार्मिक विधीच्या बाबतीत ते चुकीचंही ठरू शकतं.

पानापर्यंत न जाणारा शोध

सध्याची सर्वांत अस्वस्थ करणारी चर्चा ही आहे. गूगलनं मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात निकालांच्या वर यंत्रानं तयार केलेलं सारांश-उत्तर दाखवायला सुरुवात केली. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभासाठी ‘कुंभ सहायक’ हा अकरा भाषांतला संवादक (चॅटबॉट) आणला गेला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या मेळ्यातही अशा साधनांवर भर राहील, अशी चिन्हं आहेत.

काहींच्या मते यामुळे वेबसाइटची मांडणीच दुय्यम होईल, कारण पान उघडणार कोण? काहींच्या मते उलट. यंत्र उत्तर देतं ते कुठल्या तरी पानावरूनच. पान विस्कळीत, तारखेविना, फोटोतलं असेल तर उत्तर चुकेल किंवा दुसऱ्याच कुणाच्या पानावरून येईल. भाषा-यंत्रांसाठी वेबसाइटनं वेगळी मजकूर-फाइल ठेवावी, असा एक प्रस्ताव २०२४ मध्ये पुढे आला. गूगलनं आपण ती वापरत नसल्याचं सांगितलं आहे. तूर्तास स्पष्ट शीर्षक, एका विषयाला एक पान, ठळक तारीख, लिहिणाऱ्याचं नाव या जुन्याच गोष्टी नव्या यंत्रांनाही लागतात, याला बहुतेकांची संमती आहे. ११ आणि १२ सप्टेंबरची गल्लत यंत्रानं केली तर जबाबदार कोण, हे मात्र कोणी सांगत नाही.

पत्त्यांचं आयुष्य

शेवटचा अनिर्णित मुद्दा टिकण्याचा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच आग्रह धरला होता की चांगला पत्ता बदलू नये. तसं घडलेलं नाही. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. प्रत्येक मेळ्यासाठी नवी वेबसाइट, नवं ॲप, नवं नाव, अशी पद्धत असेल तर हे होणारच.

यावर दोन रचना सुचवल्या जातात. वर्षाला वर्ष जोडत जावं, म्हणजे २०१५ च्या सिंहस्थाचं पान वेगळं, २०२७ चं वेगळं. इतिहास राहतो, पण शोधणाऱ्याला जुनं पान आधी मिळण्याचा धोका असतो. किंवा ‘सिंहस्थ’ हा एकच कायमचा पत्ता ठेवून त्यावरचा मजकूर बदलावा आणि मागचे मेळे त्याखाली दप्तरासारखे लावावेत. सर्च इंजिनाच्या दृष्टीनं दुसरी रचना बळकट, कारण बारा वर्षांत जमलेले दुवे एकाच पत्त्याकडे राहतात. मुहूर्तांच्या वार्षिक पानांनाही हेच लागू पडतं. पण या रचनेसाठी पत्त्याचा मालक बारा वर्षं तोच लागतो. मेळ्यासाठी नेमलेल्या यंत्रणेचं मुख्य काम मेळ्याबरोबर संपतं, निविदा संपतात, सर्व्हरचं भाडं थकतं. देवस्थान, नगरपरिषद, जिल्हा प्रशासन आणि पुरोहित संघ यांपैकी तो पत्ता २०३९ पर्यंत सांभाळण्याची जबाबदारी कोण घेणार, हे पहिलं पान तयार होण्याआधीच लेखी ठरावं लागेल.